इमेजिंग मास स्पेकचं मशीन आपल्याकडे नाही, तरी काम करायचंय? पुण्यातल्या लाइफ सायन्सवाल्यांसाठी

लॅबमध्ये कोणीतरी एक पेपर घेऊन येतं, त्यात उंदराच्या मेंदूच्या कापावर रंगीत नकाशा असतो, हे लिपिड इथे, ते औषध तिथे, आणि त्याच मीटिंगमध्ये ठरतं की आपण पण इमेजिंग मास स्पेक (मास स्पेक म्हणजे रेणूंची वजनं मोजायची पद्धत) करूया. मग कोणाकडे मशीन आहे याची फोनाफोनी सुरू होते. मशीनची किंमत कोटींत असते, ते आपल्या लॅबला येणार नाहीये हे मान्य करूनच पुढे जायचं, ही मशीन्स जगभर शेअर करूनच वापरली जातात. पण मी हे काम करताना जे शिकले ते असं की मशीनवरचा दिवस चांगला जाणार की वाया जाणार हे तिथे पोचायच्या आधीच, आपल्या स्वतःच्या फ्रीझरमध्ये आणि आपल्या वहीत ठरलेलं असतं. म्हणून मशीन शोधण्याबद्दल थोडंच सांगते आणि त्याच्या आधीचं जास्त.

ज्यांना एकदम नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. टिश्यूचा पातळ काप काचेवर घ्यायचा, त्यावर मॅट्रिक्स नावाचं रसायन बारीक फवारायचं, मग लेझर एकेका ठिपक्यावर मारत जायचा, प्रत्येक ठिपक्याचा एक मास स्पेक्ट्रम (कुठल्या वजनाचे रेणू किती याचा आलेख, त्यातला प्रत्येक उंचवटा म्हणजे पीक) मिळतो, आणि हवं ते वजन निवडलं की तो रेणू कापावर कुठे किती दिसतोय त्याचं चित्र बनतं. हे माल्डी इमेजिंग, रिचर्ड कॅप्रिओली यांच्या ग्रुपने १९९७ मध्ये ते पहिल्यांदा नीट मांडलं. डेसी म्हणून अजून एक पद्धत आहे, त्यात मॅट्रिक्स लागत नाही, विद्युतभारित सॉल्व्हंटचा फवारा थेट कापावर मारतात, ती ग्रॅहम कुक्स यांच्या पर्ड्यूमधल्या लॅबने २००४ मध्ये आणली. आणि सिम्स, त्यात आयनांचा मारा करतात, पिक्सेल (चित्रातला एक ठिपका) एक मायक्रॉनच्याही खाली जातो पण मोठे रेणू बरेचसे तुटतात.

आता पहिला गोंधळ. हाय रेझोल्युशन म्हणजे काय हे दोघांच्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. बायॉलॉजीवाला म्हणतो हाय रेझोल्युशन म्हणजे मला एकेक पेशी दिसली पाहिजे, मास स्पेकवाला म्हणतो हाय रेझोल्युशन म्हणजे वजनातला तिसऱ्या दशांशाचा फरक वेगळा दिसला पाहिजे. फोनवर दोघं पण हो हो म्हणतात, आणि डेटा आल्यावर कळतं की वेगळंच बोलत होतो. त्यामुळे ईमेलमध्ये दोन्ही वेगवेगळं लिहा, पिक्सेल किती मायक्रॉनचा हवा आणि मास रेझॉल्विंग पॉवर (वजन भागिले वेगळा दिसू शकणारा सगळ्यात लहान फरक) किती हवी.

पिक्सेलचं आधी घेऊ, कारण सगळ्यांना सगळ्यात लहान पिक्सेल हवा असतो. उंदराच्या किडनीचा काप साधारण १० बाय ६ मिलिमीटर धरा. ५० मायक्रॉनचा पिक्सेल घेतला तर २०० गुणिले १२०, म्हणजे २४,००० पिक्सेल. एका पिक्सेलला एक सेकंद धरला तर ६ तास ४० मिनिटं, म्हणजे एका दिवसात एक काप आरामात होतो. २० मायक्रॉन केला की दीड लाख पिक्सेल, जवळपास ४२ तास. १० मायक्रॉन केला की ६ लाख पिक्सेल, म्हणजे सात दिवस, एका कापाला! आणि तुमच्याकडे तीन कंट्रोल, तीन ट्रीटेड. शेअर्ड मशीन आहे, मागे रांग आहे, एवढा वेळ कोणी देणार नाही आणि द्यायलाही नको. टाइम ऑफ फ्लाइटवाली (टॉफ, आयन किती वेळात पोचतो त्यावरून वजन काढणारी) नवीन मशीन्स सेकंदाला अनेक पिक्सेल घेतात, ती यापेक्षा कितीतरी फास्ट आहेत, पण त्यांची मास रेझॉल्विंग पॉवर एफटी-आयसीआर किंवा ऑर्बिट्रॅप या वजन फार बारकाईने मोजणाऱ्या मशीन्सएवढी नसते. त्या दोघांमध्ये सिग्नल जितका जास्त वेळ ऐकाल तितकं रेझोल्युशन वाढतं, दुप्पट हवं तर दुप्पट वेळ, असा सरळ हिशोब आहे. मी काय करते, तर अख्खा काप ५० मायक्रॉनवर आणि मग त्यातला एक छोटा चौकोन, समजा किडनीचा बाहेरचा थर (कॉर्टेक्स) आणि आतला भाग (मेड्युला) जिथे मिळतात तो २ बाय २ मिलिमीटरचा भाग, १० मायक्रॉनवर. तो ४०,००० पिक्सेलचा, ११ तासात, म्हणजे रात्रीत होतो. आणि हो, मॅट्रिक्सचे क्रिस्टल पिक्सेलपेक्षा मोठे असतील तर १० मायक्रॉनला काही अर्थ उरत नाही, तेव्हा बारीक पिक्सेल हवा असेल तर मॅट्रिक्स सब्लिमेशनने (न फवारता, वाफेच्या रूपात) चढवता येतं का ते फॅसिलिटीला आधी विचारा.

मास रेझोल्युशनबद्दल एक उदाहरण देते, मला स्वतःला हे कळल्यावर मी जुने सगळे फोटो परत तपासले होते. पीसी ३४:१ (फॉस्फॅटिडिलकोलीन, फॅटी अ‍ॅसिडमध्ये मिळून ३४ कार्बन, १ दुहेरी बंध) हे अगदी कॉमन लिपिड. त्याला प्रोटॉन चिकटला की ७६०.५८५ या वजनाला दिसतं, सोडियम चिकटला की ७८२.५६७० ला. आता पीसी ३६:४ हे वेगळंच लिपिड, अ‍ॅराकिडॉनिक अ‍ॅसिडवालं असू शकतं, म्हणजे इन्फ्लमेशनवर काम करणाऱ्यांना हवंहवंसं, त्याला प्रोटॉन चिकटला की ते येतं ७८२.५६९४ ला. फरक फक्त ०.००२४! हे दोन पीक वेगळे करायला रेझॉल्विंग पॉवर सव्वातीन लाखांच्या पुढे लागते. ती नसेल तर दोन्ही मिळून एकच पीक दिसतं, आणि तुम्ही ज्याला इन्फ्लमेशनचा नकाशा म्हणताय तो कदाचित फक्त कुठे सोडियम जास्त आहे त्याचा नकाशा असतो. किडनीत, ट्यूमरच्या मेलेल्या भागात, मिठाचं प्रमाण जागोजागी बदलतं, तेव्हा हा धोका अगदी खरा आहे.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे तेवढ्या ताकदीच्या मशीनवर जा. दुसरा बराच स्वस्त, काप गार अमोनियम फॉर्मेटच्या पातळ द्रावणात काही सेकंद धुवा, मीठ बरंचसं निघून जातं, सोडियम-पोटॅशियमवाले पीक कमी होतात. पण तुम्हाला पाण्यात विरघळणारे छोटे मेटाबोलाइट्स बघायचे असतील तर ते पण त्याबरोबर वाहून जातील, तेव्हा सरसकट धुऊ नका. म्हणजे बघा, मशीन कुठलं पाहिजे हा प्रश्न शेवटी प्रश्न काय आहे यावरच येतो.

म्हणूनच अजून एक काम पुण्यातच करून घ्या. पाषाण ते गणेशखिंड या पट्ट्यात एनसीएल, आयसर, विद्यापीठ, एनसीसीएस, आणि तिकडे आगरकर रोडला आघारकर संशोधन संस्था, एवढं सगळं अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे (ट्रॅफिक नसेल तर), आणि साधं एलसी-एमएस (द्रावणातले रेणू आधी वेगळे करून मग त्यांचं वजन बघणारं मशीन) मिळणं इथे अवघड नाही. शेजारचे चार-पाच काप एका ट्यूबमध्ये गोळा करा, एक्स्ट्रॅक्ट करा, आणि तुमचा रेणू टिश्यूत आहे का, किती आहे, त्याचे आयसोमर (सारख्याच फॉर्म्युल्याचे वेगळे रेणू) किती आहेत ते आधी बघून घ्या. एक्स्ट्रॅक्टमध्येच जेमतेम दिसत असेल तर कापावर एका ठिपक्यातून दिसण्याची आशा फार कमी. आणि इमेजिंगमध्ये फक्त वजन कळतं, म्हणजे फॉर्म्युला कळतो, सारख्या फॉर्म्युल्याचे दोन रेणू त्यावरून वेगळे होत नाहीत, तेव्हा रिव्ह्यूअर हे एलसी-एमएस मागणारच आहे, ते आधीच हातात असलेलं बरं.

मशीन शोधायचं कुठे. आय-स्टेम पोर्टल, जानेवारी २०२० मध्ये सुरू झालं, देशभरातल्या सरकारी पैशातून घेतलेल्या मशीन्सची यादी तिथे आहे, रजिस्टर करायचं, मशीन शोधायचं आणि तिथूनच स्लॉट मागायचा. शोधताना एकाच नावाने शोधू नका, माल्डी, माल्डी टॉफ, इमेजिंग, डेसी, टॉफ-सिम्स असं सगळं टाकून बघा, कारण प्रत्येक संस्थेने नाव वेगळं लिहिलेलं असतं. आणि माल्डी टॉफ लिहिलंय म्हणजे इमेजिंग होतंच असं अजिबात नाही, बऱ्याच ठिकाणी ते मशीन बॅक्टेरिया ओळखायला किंवा पॉलिमरचं वजन बघायला घेतलेलं असतं, इमेजिंगचं सॉफ्टवेअर आणि मॅट्रिक्स स्प्रेअर नसतो. म्हणून फोन करून तीन गोष्टी विचारा: इमेजिंगचं लायसन चालू आहे का, स्प्रेअर आहे का, क्रायोस्टॅट (गोठवलेल्या टिश्यूचे काप घ्यायचं मशीन) तिथे आहे का. मुंबईला आयआयटीत सैफ (बाहेरच्यांनाही उपकरणं वापरू देणारं केंद्र) आहे आणि मास स्पेकची वेगळी फॅसिलिटी पण आहे, पुण्याहून सकाळी निघून पोचता येतं, तेव्हा तिथेही विचारून ठेवा. रेट साधारण तीन प्रकारचे असतात, आतले लोक, बाहेरच्या शिक्षण-संशोधन संस्था आणि इंडस्ट्री, कोटेशन मागताना आपण कोण ते लिहा आणि जीएसटी धरून आकडा मागा. मार्च एंडिंगला सगळ्यांच्या ग्रँट संपवायच्या असतात त्यामुळे फेब्रुवारी-मार्चला स्लॉट मागू नका, मिळालाच तर घाईघाईचा मिळतो.

खरंच एकदम वरच्या दर्जाचं रेझोल्युशन हवं असेल तर अमेरिकेत दोन जागा आहेत, फ्लोरिडात टॅलाहासीची नॅशनल हाय मॅग्नेटिक फील्ड लॅबोरेटरी आणि वॉशिंग्टन राज्यात रिचलंडला ईएमएसएल ही सरकारी लॅब, दोन्हीकडे २१ टेस्लाचं एफटी-आयसीआर आहे, आणि दोन्ही यूजर फॅसिलिटी आहेत. म्हणजे तुम्ही प्रपोजल लिहायचं, ते तपासतात, मंजूर झालं आणि निकाल प्रकाशित करणार असाल तर मशीनच्या वेळेचे पैसे घेत नाहीत. बाहेरच्या देशातले लोकही अर्ज करतात. पण सँपल पाठवणं हा वेगळा विषय आहे. माणसाचं सँपल असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी आणि परदेशी सहकार्याची परवानगी, प्राण्यांचं असेल तर प्राणी एथिक्स कमिटीचा कागद, आणि सह्याद्रीतली एखादी वनस्पती किंवा आपल्याकडचा बुरशीचा स्ट्रेन असेल तर जैवविविधता कायदा २००२ लागतो. संस्थेच्या ऑफिसला सँपल गोळा करायच्या आधी विचारा, नंतर विचारलं तर सहा महिने फ्रीझरमध्ये पडून राहतं.

आता सँपल, यावर मी जास्त बोलणार आहे कारण इथेच सगळं बिघडतं.

मशीनवरची माझी पहिली ट्रिप. सहा किडन्या, सगळ्या व्यवस्थित ओसीटीत (कापायला सोपं जावं म्हणून टिश्यूभोवती ओतून गोठवतात ते जेल) एम्बेड केलेल्या, कारण आमच्याकडे इम्युनोसाठी, म्हणजे अँटिबॉडीने रंगवायला, तसंच करायचे आणि दुसरं काही असतं हेच माहीत नव्हतं. तिथल्या मॅडमनी डबा उघडला, बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हे ओसीटीत आहे का सगळं?" मी म्हटलं हो. त्या काही बोलल्या नाहीत, एक काप लावून दाखवला. स्क्रीनवर पीक्सची शिडी, एकेक पायरी ४४च्या अंतरावर, बाकी काही नाही. ओसीटीत पॉलीइथिलीन ग्लायकॉल असतं, ते इतकं जोरात आयनाइझ होतं की टिश्यूतलं सगळं दाबून टाकतं. सहा उंदीर, आठ आठवड्यांचं डोसिंग. तेव्हा मला रडायला आलं होतं, उंदरांसाठी जास्त. म्हणून हे परत परत सांगते, इमेजिंगसाठी ओसीटी वापरू नका. किडनी, लिव्हर, मेंदू हे तसेच कापता येतात, चकवर (क्रायोस्टॅटमध्ये टिश्यू बसवायची चकती) तळाशी थेंबभर पाणी गोठवून टिश्यू बसवा. फारच लहान किंवा मऊ असेल तर जिलेटिन किंवा २ टक्के कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज.

हॉस्पिटलवाले बहुतेक वेळा पॅराफिनचे ब्लॉक घेऊन येतात. त्यातलं लिपिड झायलीन आणि अल्कोहोलमध्ये केव्हाच निघून गेलेलं असतं. त्यावर ट्रिप्सिन टाकून पेप्टाइड किंवा एन्झाइमने ग्लायकन बघता येतात, ते चांगलं काम आहे, पण लिपिड किंवा औषध बघायचं असेल तर ताजं गोठवलेलंच टिश्यू लागेल, आणि ते ऑपरेशनच्या दिवशीच ठरवायला लागतं.

गोठवताना टिश्यू थेट लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकलं तर बऱ्याचदा तडकतं. फॉइलची होडी करा, त्यात टिश्यू ठेवून ती नायट्रोजनवर हळूहळू तरंगवा, नाहीतर थंड केलेलं आयसोपेंटेन वापरा. ट्यूबमध्ये कोंबू नका, आकार बदलतो आणि मग कापात काय कुठे आहे तेच कळत नाही. आणि वेळ! एटीपीसारखे रेणू रक्तपुरवठा थांबल्यावर सेकंद-मिनिटांत बदलायला लागतात, तेव्हा प्रत्येक प्राण्याला काढल्यापासून गोठेपर्यंत सारखाच वेळ लागला पाहिजे, एकाने घड्याळ घेऊन उभं राहायचं आणि वहीत लिहायचं.

काप १० ते १२ मायक्रॉनचे. माल्डीला बहुतेक मशीन्सवर आयटीओ (करंट वाहणारा पारदर्शक थर) कोटिंगची काच लागते, तिची एकच बाजू करंट वाहते, ती कुठली हे डोळ्याने कळत नाही, मल्टिमीटर लावून बघा, रीडिंग येईल त्या बाजूवर काप घ्यायचा. नाव मार्करने लिहू नका, शाईचे पीक येतात, डायमंड पेन्सिलने ओरखडा. कापाच्या बाजूला काचेवर व्हाइटनरचे तीन-चार ठिपके द्या आणि मॅट्रिक्स मारायच्या आधी काच फ्लॅटबेड स्कॅनरवर स्कॅन करून घ्या, फवारल्यावर काप दिसत नाही आणि मग ते ठिपकेच मशीनला जागा सांगतात. कंट्रोल आणि ट्रीटेड एकाच काचेवर ठेवा, एका काचेवर सगळे कंट्रोल आणि दुसऱ्यावर सगळे ट्रीटेड असं केलं तर जो फरक दिसेल तो काचेचा की औषधाचा हे कोणीच सांगू शकणार नाही.

पुण्याचा पावसाळा लक्षात ठेवा. जुलैमध्ये उणे ८० मधून काच काढून टेबलावर ठेवली की एका मिनिटात त्यावर दव बसतं, त्या पाण्यात रेणू इकडचे तिकडे वाहतात, आणि चित्र अस्पष्ट येतं, त्यात मशीनचा काही दोष नसतो. काच बंद डबीतच ठेवायची, डबी तशीच डेसिकेटरमध्ये व्हॅक्यूमखाली अर्धा तास, आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायची. आणि गुरुवार, आपल्याकडे गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट जाते, तेव्हा क्रायोस्टॅटचं काम गुरुवारी लावू नका, जनरेटर असला तरी.

नेताना शक्य असेल तर काप नेऊ नका, अख्खं टिश्यू न्या आणि तिथल्या क्रायोस्टॅटवर कापा. थर्मोकोलचा डबा, भरपूर ड्राय आइस, पण झाकण हवाबंद करू नका, गॅस कोंडून डबा फुटू शकतो, आणि गाडीने नेत असाल तर गाडीची खिडकी थोडी उघडी ठेवा, बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड साठतो. घाटात ट्रॅफिक अडकू शकतो म्हणून लागेल त्याच्या दुप्पट बर्फ न्या. विमानाने जायचं असेल तर प्रवाशाला अडीच किलोपर्यंतच ड्राय आइस नेता येतो आणि तोही एअरलाइनची आधी मंजुरी घेऊन.

मॅट्रिक्सबद्दल फार सांगत नाही, तिथले लोक जास्त जाणतात. पॉझिटिव्ह मोडला लिपिडसाठी डीएचबी, पेप्टाइडसाठी सीएचसीए, निगेटिव्हला ९-अमिनोअ‍ॅक्रिडिन किंवा डॅन, इथून बोलणं सुरू करा. तुमचं औषध किंवा, समजा, अश्वगंधाच्या मुळातलं विथाफेरिन-ए बघायचं असेल तर त्याचं शुद्ध स्टँडर्ड बरोबर न्या, आणि कंट्रोल टिश्यूच्या कापावर त्याचे ओळखीच्या मात्रेचे थेंब टाका, नुसत्या काचेवर नको. टिश्यूवर सिग्नल दबतो, काचेवर नाही. किडनीत कमी दिसलं आणि लिव्हरमध्ये जास्त दिसलं म्हणजे तिथे खरंच जास्त आहे असं त्याशिवाय म्हणता येत नाही.

मशीनवर ऑपरेटर बसलेले असतात, टेक्निकल ऑफिसर सर किंवा मॅडम, त्यांना आदल्या आठवड्यात एक पानाचं टिपण पाठवा: प्रश्न काय, टिश्यू कुठलं, कसं गोठवलं, कुठले रेणू आणि त्यांची वजनं, पिक्सेल किती, शेजारच्या कापाचा एच अँड ई (पॅथॉलॉजीत नेहमी करतात ते रंगवणं) फोटो. त्यांनी पद्धत बसवायला डोकं लावलं असेल तर पेपरमध्ये त्यांचं नाव लेखकांत येईल का ते सुरुवातीलाच बोला, शेवटच्या ओळीत आभार मानून भागवू नका. पहिल्या तासात अख्खा रन लावू नका, एक छोटी पट्टी करा, त्यात कापाबाहेरचा नुसत्या मॅट्रिक्सचा भाग पण घ्या, आणि ६१६.१८ ला हीम (रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाग) शोधा. ते रक्तवाहिन्यांच्या जागी नीट कडा घेऊन दिसत असेल तर काप आणि मॅट्रिक्स ठीक आहे, पसरलेलं दिसत असेल तर तिथेच थांबा, काच बदला.

निघताना डेटा दोन प्रकारे घ्या, मशीनची मूळ फाइल आणि इमझेडएमएल (इमेजिंग डेटाचा खुला फॉरमॅट). इमझेडएमएलच्या दोन फाइल असतात, एक इमझेडएमएल आणि एक आयबीडी, एक राहिली तर दुसरीचा काही उपयोग नाही. पेनड्राइव्ह पुरणार नाही, टेराबाइटवाली हार्ड डिस्क न्या. मग मेटास्पेस या वेबसाइटवर टाका, फुकट आहे, फॉर्म्युले ओळखून त्यात चुकीची ओळख किती टक्के असू शकते ते पण देतं, आणि पेपर यायच्या आधी डेटा प्रायव्हेट ठेवता येतो. आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर त्यात इमेजिंग डेटासाठी कार्डिनल पॅकेज आहे.

आणि ती काच टाकून देऊ नका. अल्कोहोलमध्ये मॅट्रिक्स धुतलं की त्याच कापावर एच अँड ई होतं, लेझरने पेशी बहुतेक शाबूत राहतात. ती स्कॅन करा, नकाशावर बसवा आणि तुमच्या ओळखीच्या पॅथॉलॉजिस्टकडे घेऊन जा, रंगीत भाग कुठला ते आधी सांगू नका, त्यांना आधी काप वाचू द्या, आणि त्यांनी ज्या जागेवर बोट ठेवलं तिथलं स्पेक्ट्रम मग उघडा.